विल्फच्या सिनेमात कुणी मरत नाही

ग्लेंडा : मग गोळी कुणी झाडली, ते सांग.

विल्फ : कुठली गोळी?

ग्लेंडा : विल्फ, सिनेमा आत्ता संपला. टीव्हीच्या पडद्यावर अजून नावं सरकतायत. गोळी कुणी झाडली?

विल्फ : ती होय! ती त्या मफलरवाल्यानं.

ग्लेंडा : मफलरवाला पहिल्या अर्ध्या तासातच मेला.

विल्फ : मेला?

ग्लेंडा : भंगारवाल्याच्या यंत्रात घालून चेपला त्याला. गाडीसकट.

विल्फ : अरे देवा. मला वाटलं, तो स्पेनला गेला.

ग्लेंडा : स्पेनला?

विल्फ : आईला सांगत होता ना, की आता जरा हवापालट करायला हवा. त्यानंतर काही दिसला नाही. म्हटलं, गेला असेल बिचारा उन्हात बसायला. मला बरंच वाटलं होतं त्याच्यासाठी.

ग्लेंडा : आणि तो सोनेरी केसांचा? निळ्या सुटातला?

विल्फ : त्याचं लग्न झालं.

ग्लेंडा : लग्नातच मारला त्याला. केकच्या सुरीनं.

विल्फ : नाही!

ग्लेंडा : सगळ्या पाहुण्यांसमोर. नवरी किंचाळते, ते एसेक्सपर्यंत ऐकू गेलं असेल. तुला ऐकू नाही आलं?

विल्फ : तसं म्हटलं तर... थोडा गलका झाल्यासारखा वाटला.

ग्लेंडा : इकडे ये. मान वळव. दुसरीकडे वळव. विल्फ, हे कानातलं यंत्र बंद आहे.

विल्फ : बॅटरी उतरली असेल.

ग्लेंडा : बटण बंद आहे. आणि चष्मा कुठाय?

विल्फ : खिशात.

ग्लेंडा : खिशात चष्मा घालून सिनेमा बघतोस?

विल्फ : सगळा नाही ग. सगळा नाही. संगीत थांबलं की काढतो फक्त. पुसायला म्हणून.

ग्लेंडा : थांब जरा. पुसायला? दर शनिवारी तू माझ्या शेजारी बसून चष्मा पुसतोस, आणि मला वाटत होतं, तुझे डोळे भरून येतात म्हणून. पॉलीनला मी सांगून बसलेय! म्हटलं, असा हळवा माणूस पाहिला नाही, कुणाचा गुडघा फोडला तरी याला गहिवरून येतं.

विल्फ : गुडघा कुणाचा फोडला?

ग्लेंडा : कधीपासून चाललंय हे?

विल्फ : पहिल्या शनिवारपासून.

ग्लेंडा : पहिल्या! म्हणजे अख्खा हिवाळा, वसंत, आणि आता हे गुलाब फुलायला आले तोवर... मग तू बघितलंस तरी काय इतके दिवस?

विल्फ : सिनेमेच बघितले. चांगले होते. मला आवडले.

ग्लेंडा : आवडले? सांग पाहू मला आजचा सिनेमा. तुझा. तुला दिसला तसा.

विल्फ : हसणार असशील तर नाही सांगत.

ग्लेंडा : नाही हसत. सांग.

विल्फ : दोघे भाऊ आहेत. भंगाराचा धंदा आहे. कपडे फार नीटनेटके घालतात, भंगारवाले असून. दर रविवारी आईकडे जेवायला जातात. आईची बटाट्याची भाजी करपते, तरी दोघं मुकाट्यानं खातात. मला तिथे फार बरं वाटलं. मग त्यांचे एकामागून एक मित्र येतात, चहा घेतात, काहीतरी हळू आवाजात बोलतात. मग मित्र कमी कमी होत जातात.

ग्लेंडा : कमी होत जातात.

विल्फ : हो. मला वाटायचं, वय झाल्यावर होतं तसंच. कुणी मुलीकडे राहायला जातं, कुणी स्पेनला. शेवटी दोघं भाऊच उरतात, नदीकाठी उभे राहून बोलतात. मग एकच उरतो. म्हटलं, दुसऱ्याला थंडी वाजली असेल, गेला असेल गाडीत बसायला.

ग्लेंडा : अरे देवा, विल्फ!

विल्फ : तू हसणार नव्हतीस.

ग्लेंडा : दुसरा नदीत आहे रे! पायाला साखळी बांधून!

विल्फ : असेल. माझ्या सिनेमात तो गाडीत आहे. हीटर चालू आहे.

ग्लेंडा : पोट दुखायला लागलं माझं. थांब, डोळे पुसू दे. गाडीत म्हणे... पण हे बघ, हसले म्हणून सुटलास असं समजू नकोस. मागच्या शनिवारी, याच कोचावर बसून, तू मला काय विचारलंस?

विल्फ : एकत्र राहू या का, असं विचारलं.

ग्लेंडा : मी काय म्हणाले?

विल्फ : पुढच्या शनिवारी सांगते, सिनेमा संपल्यावर.

ग्लेंडा : सिनेमा संपला.

विल्फ : मला माहीत आहे. मघापासून मी तेवढ्याचीच वाट बघतोय.

ग्लेंडा : सकाळी मी कपाटाचा एक खण रिकामा केला, ठाऊक आहे? आतून कागद लावला. तुझ्या सदऱ्यांसाठी. हो म्हणणार होते मी.

विल्फ : होते?

ग्लेंडा : आता विचार करावा लागेल. ज्याच्याबरोबर इतके दिवस सिनेमे बघितले, तो तिथे नव्हताच. मी एकटीच बसले होते की इथे. याचं मला हसूही येतंय आणि वाईटही वाटतंय, विल्फ. खरंच वाईट वाटतंय.

विल्फ : मी होतो तिथे. फक्त बघत नव्हतो.

ग्लेंडा : तेच म्हणतेय मी.

पॉलीन : दार लोटलेलंच आहे का? अगं बाई, ती लिफ्ट पुन्हा बंद! माझे गुडघे काही या घरासाठी केलेले नाहीत. ग्लेंडा, हे घे, शिंपल्यांतल्या तिसऱ्या आणल्यात. बाजारातल्या त्या कोपऱ्यावरच्या गाडीवरच्या. व्हिनेगर घातलंय, मिरी तुझी तू घाल. विल्फ, राजा, कसा आहेस? तोंड का असं?

ग्लेंडा : माझी बहीण आली की तोंडाची चौकशी करते. त्याला विचार, आज सिनेमात काय झालं.

पॉलीन : संपला? मेला का तो सोनेरी?

विल्फ : मेला म्हणे.

पॉलीन : किती वेळा बघितला, तरी दरवेळी तो मेला की मला चुटपुट लागते. कोट काय होता त्याचा! खांद्यावर कसा बसला होता! आता असे कोट शिवत नाहीत. माझा जावई खाली गाडीत बसलाय, बघा जाऊन. झोपायचे कपडे घालून बाजारात आलाय मेला.

ग्लेंडा : विल्फनं तो कोट पाहिलाच नाही. विल्फ कान बंद करून आणि चष्मा काढून बसतो.

पॉलीन : का? पैसे पडतात का बघायला?

विल्फ : मला रक्त बघवत नाही, पॉलीन. लहानपणापासून. माझी मुलगी जन्मली तेव्हा मी आतही गेलो नव्हतो. बाहेर चहाच्या गाडीपाशी उभा होतो, तिथेच आडवा झालो. चहासकट. नर्सबाई बाळ-बाळंतिणीला सोडून माझ्यामागे लागल्या. बायको शेवटपर्यंत ते सांगायची लोकांना.

पॉलीन : मग सांगायचं की नाही तसं! ग्लेंडानं दुसरं काही लावलं असतं. बागकामाचं लावलं असतं.

ग्लेंडा : नसतं लावलं.

पॉलीन : नसतं लावलं, खरं आहे. पण विल्फ, तू चुकतोयस काहीतरी. या सिनेमांत नुसतं रक्त नसतं रे. आपली ही बो वस्ती असते त्यात. आपली बोली असते. राणीसारखं तोंड मुडपून बोलत नाही कुणी. मी एसेक्सला राहायला गेले त्याला किती वर्षं झाली, शेजारणी अजून 'काय म्हणालात?' म्हणतात. आणि त्या सिनेमात चाकू काढणारासुद्धा आपल्या आईसारखं बोलतो. मला तर माहेरी आल्यासारखं वाटतं.

विल्फ : ते मला पटतं. चाकू काढेपर्यंत मीही ऐकतो.

पॉलीन : आणि इथले खरे गुंड होते ना, काय रीत होती त्या लोकांना! आईची पिशवी उचलून दिली होती त्यांच्यातल्या एकानं. इथेच, बाजारात. टोपी काढून म्हणाला, 'द्या इकडे, बाई.'

ग्लेंडा : ती पिशवी दरवर्षी जड होत चाललीय. मी लहान असताना त्यात एक पाव होता.

पॉलीन : बटाटे होते!

ग्लेंडा : मागच्या नाताळात कोळसा होता. पुढल्या वेळी त्यात आपली आजी असेल.

पॉलीन : थट्टा कर तू. पण बायकांच्या वाटेला गेले नाहीत कधी. म्हाताऱ्याकोताऱ्यांना मान द्यायचे. त्यांच्या मयतीला किती लोक आले होते, आठवतंय ना? काळे घोडे, त्यांच्या डोक्यावर पिसं, सगळी दुकानं बंद. कोणी उगीच नाही येत. आणि मारायचे ते कुणाला? आपल्याच लोकांना. बाहेरच्या माणसाला बोट नाही लावलं कधी.

ग्लेंडा : बाबांनीही नाही लावलं.

पॉलीन : काय?

ग्लेंडा : बाहेरच्या माणसाला. बाबांनीही कधी बोट लावलं नाही. आपल्याच लोकांना मारायचे ते.

पॉलीन : ग्लेंडा, आज नको.

ग्लेंडा : मी काही भांडत नाहीये, पॉली. तू म्हणालीस, मी पुढचं म्हटलं.

पॉलीन : माणूस म्हणून वाईट नव्हते ते. प्रार्थनेला जायचे. दारूच्या थेंबाला शिवले नाहीत आयुष्यात.

ग्लेंडा : शिवले असते तर बरं झालं असतं. वास तरी आला असता आधी.

पॉलीन : ... बघ, मी हे सिनेमे कोटांसाठी बघते. कोट, गाड्या, ते घोडे. तेवढंच बघते मी त्यात. मला दुसरं काही बघायचं नाही. कळलं?

ग्लेंडा : कळलं. बस ना. चहा टाकते.

पॉलीन : नको, तो खाली हॉर्न वाजवायला लागेल. जाते मी. तिसऱ्या फ्रिजमध्ये ठेवू नकोस, आजच खा. विल्फ, राजा...

विल्फ : बोल.

पॉलीन : काही नाही. चष्मा घाल.

(पॉलीन जाते. खाली गाडीचं दार लागल्याचा आवाज येतो. विल्फ चष्मा घालतो, मग कानातलं यंत्र चालू करतो. ते बारीक वाजतं आणि थांबतं.)

विल्फ : चालू आहे आता.

ग्लेंडा : ऐकलंस का सगळं मघाचं?

विल्फ : ऐकलं. तू कधी बोलली नाहीस याबद्दल.

ग्लेंडा : तू विचारलं नाहीस. विचारायचं असतं हे तुला कुठून ठाऊक असणार? मलाही कुणाला सांगायचं नव्हतं. केस कापायच्या दुकानात उभं आयुष्य घालवलं मी. बायका त्या खुर्चीत बसून काय काय सांगायच्या, मी ऐकायची. माझं कधी सांगितलं नाही.

विल्फ : मग हे सिनेमे कसे बघवतात तुला? मला तर उलट वाटलं असतं.

ग्लेंडा : सगळ्यांना उलटच वाटतं. तिसऱ्या खा, मी सांगते. घे, काटा घे. तू संगीत थांबलं की चष्मा काढतोस, म्हणालास.

विल्फ : हो. संगीत थांबतं. किंवा कुणीतरी कप फार हळू खाली ठेवतो. किंवा मोठा भाऊ एकदम गोड बोलायला लागतो. तेव्हा कळतं, आता आलं.

ग्लेंडा : कळतं ना तुला?

विल्फ : न कळून कसं चालेल? मला चष्मा काढायचा असतो.

ग्लेंडा : तेच. मलाही कळतं. तू त्या क्षणी डोळे मिटतोस आणि मी डोळे उघडते, एवढाच फरक. घरी नाही कळायचं. बाबा पेपर वाचत असायचे. आई विणत असायची. मी पाटीवर काहीतरी गिरवत असायची. पानं उलटल्याचा आवाज, सुयांचा आवाज. आणि मग एकदम. पेपर नीट घडी घालून ठेवायचे ते आधी, असंसुद्धा नाही. कधी कधी घडी घालायचे आणि काहीच व्हायचं नाही, उठून बागेत जायचे, शेंगांना पाणी घालायचे. मी किती वर्षं त्यांच्या हाताकडे बघितलं. बुटांकडे बघितलं. काही खूण सापडते का बघत होते. नाहीच सापडली.

विल्फ : ग्लेंडा...

ग्लेंडा : मग मोठी झाले, नोकरीला लागले, आणि एका मैत्रिणीबरोबर असला पहिला सिनेमा बघितला. ती ओरडत होती, माझ्या दंडात नखं रुतवत होती. आणि मी अशी बसले होते ऐसपैस, घरच्या खुर्चीत बसावं तशी. का, तर त्यानं हातमोजे घातले. हळूच, एकेक बोट. मला आतून एकदम हलकं वाटलं. म्हटलं, अरे, हे तर सांगतायत! आधी सांगतायत! तेव्हापासून बघतेय. मला मारामारी आवडते असं नाही, विल्फ. तिच्या आधीचं आवडतं.

विल्फ : हातमोजे.

ग्लेंडा : हातमोजे, कप, संगीत. आणि शेवटी दिवे लागतात. मारणाऱ्याचंही व्हायचं ते होतं. सगळं जागच्या जागी. मी उठते, कप विसळते, रात्री गाढ झोपते.

विल्फ : मी बघेन. पुढच्या शनिवारपासून चष्मा घालून बघेन. फार तर आडवा होईन. जमिनीवर गालिचा आहे.

ग्लेंडा : काही गरज नाही.

विल्फ : मी तुला एकटीला सोडून बसलो होतो इथे. तू म्हणालीस ते खरं आहे. मला ते लागलं.

ग्लेंडा : लागू दे थोडं. पण पॉलीन पिशवीचं सांगत होती ना, तेव्हा मी तुझ्याकडे बघत होते. आणि मनात आलं, माझ्या घरात किती पुरुष आले असतील, भाऊ, मेहुणे, माझा नवरा, देव त्याला सुखात ठेवो. सगळे पडद्याच्या जवळ सरकून बसायचे. 'आता बघ, आता बघ कसा हाणतो.' माझा नवरा वाईट नव्हता हं. पण त्याचे डोळे चमकायचे. आणि तू चष्मा काढून खिशात घालतोस. मनगटाला साधा ओरखडा दाखवला तर पांढराफटक पडतोस. असा पुरुष या खोलीत बसलाय, ही मला फार सुखाची गोष्ट वाटायला लागलीय. आत्ता, या तिसऱ्या खाता खाता. मगाशी राग आला होता, तो कुठे गेला कळत नाही.

विल्फ : म्हणजे मी बंद ठेवला तरी चालेल कान?

ग्लेंडा : मोठ्या आवाजापुरता. मी कोपर मारीन तुला. दोनदा मारलं की झालं, घाल चष्मा. मग मी सांगेन कोण गेलं.

विल्फ : स्पेनला गेला म्हणून सांगशील?

ग्लेंडा : तुझ्यासाठी सांगेन. पण खोटं नाही हं बोलायचं मला पुन्हा. आवडलं नाही तर नाही आवडलं म्हणायचं.

विल्फ : या तिसऱ्या मला आवडत नाहीत.

ग्लेंडा : काय?

विल्फ : कधीच नाही आवडल्या. रबर चावल्यासारखं वाटतं. पॉलीनला वाईट वाटेल म्हणून खातो.

ग्लेंडा : आण इकडे. एवढ्या घाईनं नको होतं सांगायला. अजून काय? एकदाच काय ते सांगून टाक.

विल्फ : अजून काही नाही. बाकी सगळं आवडतं. इथला चहा आवडतो. खिडकी आवडते. तू हसतेस तेव्हा कोच हलतो, ते आवडतं.

ग्लेंडा : पुरे. विल्फ, तुला एक सांगू? तू जिन्यात शीळ घालतोस.

विल्फ : घालतो. दम लागलेला कुणाला कळू नये म्हणून. छापखान्यात होतो तेव्हाची सवय आहे, तिथे यंत्रांच्या आवाजात कुणाला ऐकूही जायची नाही. मलाही नाही. त्रास होतो का कुणाला?

ग्लेंडा : दुसऱ्या मजल्यापासून ऐकू येते. मी किटली ठेवते मग. एक दिवस किटली ठेवता ठेवता माझ्या लक्षात आलं की मी किटली ठेवतेय. आणि मी ओट्यापाशी उभी राहून रडले. तुला दार उघडलं तेव्हा कांदा चिरत होते म्हणून सांगितलं.

विल्फ : आणि मी म्हटलं, कांदा कुठे दिसत नाही. पण रडलीस कशाला?

ग्लेंडा : या जिन्यानं एक पुरुष वर येतोय, आणि तो येतोय हे मला आधीच कळलंय, म्हणून. आनंदानं रडले रे. एवढं वय झालं तेव्हा कुठे हे मिळालं.

विल्फ : मला हे माहीत असतं तर पहिल्या मजल्यापासून घातली असती.

ग्लेंडा : हात पुढे कर. दुसरा, त्याला व्हिनेगर लागलंय. ही वरच्या कुलपाची किल्ली. जरा उचलून फिरवावी लागते.

विल्फ : म्हणजे, हो?

ग्लेंडा : हो. डावीकडचा खण तुझा.

विल्फ : मग आता दारावरची घंटी वाजवायला नको मला.

ग्लेंडा : घंटी नको वाजवूस. शीळ मात्र घालत ये.